दारू सुटली, पीळ राहिला



दारू वाईट असते, एवढंच सांगायचं असतं तर छत्तीसगढच्या दुर्ग-भिलाईतल्या मराठी मंडळींना कामाच्या दिवशी संध्याकाळी पद्मनाभपुरात बोलावण्याचं कारण नव्हतं. ते काम कीर्तनकारांनी केलं, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने केलं, आणि घरोघरच्या बायका ते रोज विनामूल्य करत असतात. या साऱ्या सांगण्यात दारूची कथा घसरणीची असते. माणूस प्यायला लागला, घसरला, आणि मग बुडाला किंवा सावरला. सावरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, देवापुढे नारळ फुटतो आणि विषय संपतो. आज मला बोलायचं आहे ते नारळ फुटल्यानंतरच्या काळाबद्दल. ज्याचं यकृत दारूने आधीच निबर झालं आहे, त्याच्या कॅन्सरचा हिशेब दारू सोडल्या दिवशी बंद होत नाही. खरं तर त्याच दिवसापासून तो नीट ठेवावा लागतो, आणि आपण नेमकी त्याच दिवशी वही मिटतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचा तासभर मी ते पुराव्याने मांडणार आहे, आणि त्यावर येणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देणार आहे, कारण त्यांतले काही वजनदार आहेत.

आधी आपल्या अंगणापुरतं बोलू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढमधल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी ३४.८ टक्के दारू पिणारे निघाले. देशाची सरासरी १८.८ टक्के. स्त्रियांमध्ये इथे ५ टक्के, देशात १.३. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर छत्तीसगढ ३५.६ टक्क्यांसह देशात पहिला होता. दोन्ही आकडे दिसायला सख्खे भाऊ वाटतात, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला फक्त पुरुषांचा आहे, दुसरा दहा ते पंचाहत्तर वयाच्या सगळ्या लोकसंख्येचा. कोणता जास्त खरा या वादात मी शिरत नाही. दोन्ही पाहण्यांत हे राज्य देशाच्या सरासरीच्या पुष्कळ वर आहे, आजच्या कामाला तेवढं पुरे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून दारूची दुकानं सरकारी महामंडळ चालवतं. लोक त्या दुकानाला अजूनही भट्टीच म्हणतात. दुकानदार बदलला, नाव बदललं नाही.

किती प्यायली म्हणजे फार, हा प्रश्न कुठल्याही सभेत पहिला येतो, म्हणून तो आधीच घेतो. डॉक्टर ग्रॅममध्ये मोजतात आणि पिणारा पेग, नाइन्टी, क्वार्टर, पौव्यात, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. ती पाडून बघू. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. ज्याला आपण इंग्लिश म्हणतो त्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० चे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून वजनात सुमारे ६१ ग्रॅम. आता २००२ साली इटलीतल्या ब्रेशिया भागातून प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. यकृताच्या कॅन्सरचे रुग्ण आणि तो नसलेली माणसं यांची तुलना केल्यावर तिथल्या संशोधकांना दिसलं, की रोजच्या ६० ग्रॅमच्या पुढे जोखमीची चढण सुरू होते आणि मग ती सरळ वर जात राहते. हिपॅटायटिसचा विषाणूही अंगात असेल तर चढण साधारण दुप्पट उभी होते. म्हणजे त्या इटालियन आलेखातली रेघ जिथून वर वळते, तिथे आपला रोजचा एक पौवा उभा आहे. स्ट्राँग बियर पिणाऱ्याने स्वतःला वगळू नये. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४१ ग्रॅम असतात, तेव्हा दीड बाटलीत तोही तिथेच पोचतो. मोहाची घरगुती असते, फुलांची असते, भेसळ नसते, हे मान्य. यकृतापर्यंत तिच्यातलंही इथेनॉलच पोचतं, फूल भट्टीपाशीच राहतं. आणि ६० ग्रॅमच्या आत निर्धास्त, असाही याचा अर्थ काढू नका. ती एका अभ्यासातली, एका अवयवाच्या कॅन्सरची रेघ आहे. यकृत निबर व्हायला अनेकांना याहून कमी पुरतं, आणि प्रकृतीला बिनधोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

या ग्रॅमांचं आत काय होतं? यकृत इथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. घात होतो तो मधल्या टप्प्यावर. अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि त्याची मोडतोड करतं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांच्या मूळ पेशींत ही मोडतोड उलगडून दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत, बसवलं आहे. त्याच गटात तंबाखू आहे. पण यकृतापुरता दुसरा, जास्त मोठा रस्ता वेगळा आहे. रोजच्या माऱ्याने पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. प्रत्येक नवी पेशी म्हणजे डीएनएची एक नक्कल. पोथ्या उतरवणाऱ्या लहियाला धुराने कोंदलेल्या खोलीत वीस वर्षं रात्रंदिवस नकला करायला बसवलं तर चुका होणारच, आणि एकदा झालेली चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरणार. दरम्यान मेलेल्या पेशींच्या जागी व्रणाचे तंतू भरत जातात, आणि त्या तंतूंच्या जाळ्यात उरलेल्या पेशींच्या गाठीगाठी होतात. यालाच सिरॉसिस म्हणतात. दारू सोडली की मारा थांबतो, सूज उतरते, चरबी तर काही आठवड्यांत जाते. व्रणही वर्षानुवर्षांत थोडा मऊ होऊ शकतो. पण पुढे गेलेल्या सिरॉसिसमधला व्रण आणि पेशींत आधीच होऊन बसलेल्या चुका सहजी जात नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. ती या यकृताला अक्षरशः लागू आहे.

आता आकडे. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची रुग्णालयातली आणि कॅन्सरची नोंद एकमेकींशी जोडता येते, म्हणून असे अभ्यास तिथे चांगले होतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात सिरॉसिसच्या निदानानंतर किमान वर्षभर जगलेल्या ११,६०५ रुग्णांचा माग काढला गेला. त्यांच्यात एकूण कॅन्सर अपेक्षेच्या दुप्पट निघाले, आणि यकृतातच सुरू होणारे कॅन्सर ३६ पट. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. पण २०१२ मध्ये त्याच देशातून दुसरा अभ्यास आला, या वेळी केवळ दारूमुळे झालेल्या सिरॉसिसच्या ८,४८२ रुग्णांचा. पाच वर्षांत यकृताचा कॅन्सर झाला तो फक्त १ टक्का रुग्णांना. संशोधकांनी लिहिलं, की या रुग्णांच्या मृत्यूंत कॅन्सरचा वाटा इतका लहान आहे की त्यांची नियमित तपासणी करून खर्च वसूल होण्याची शक्यता कमी. माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो एखाद्या भट्टीवरच्या गिऱ्हाइकाने घेतलेला नाही, चांगल्या शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. त्याला उत्तर न देता पुढे जाणं लबाडी होईल.

उत्तर त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या आकड्यात आहे. त्या ८,४८२ रुग्णांपैकी पाच वर्षांत सुमारे ४४ टक्के मेले. रुग्णालयात ज्यांचं निदान झालं असे हे लोक, म्हणजे पुष्कळांना आधीच पोटात पाणी झालेलं, कावीळ झालेली, रक्ताची उलटी झालेली. गाठ व्हायला वर्षं लागतात आणि ती वर्षंच या माणसांना मिळाली नाहीत. कॅन्सर कमी निघाला, कारण तो यायच्या आत माणूस गेला. ज्या बागेतली निम्मी झाडं मोहोर येण्याआधीच वाळली, तिथे फळं किती कमी लागली हे मोजून झाडांच्या जातीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. तुलनेसाठी फ्रान्स आणि बेल्जियमची एकत्रित पाहणी घ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथे ६५२ रुग्ण मुद्दाम वेगळ्या प्रकारचे निवडले होते. दारूमुळेच झालेला सिरॉसिस, यकृताचा तुकडा तपासून सिद्ध केलेला, पण यकृत अजून काम सांभाळून असलेलं: पोटात पाणी नाही, शुद्ध हरपणं नाही. या तब्येतीने बऱ्या माणसांत यकृताचा कॅन्सर दर शंभरांत वर्षाला २.९ या वेगाने झाला. इतर कारणांनी होणारे मृत्यू बाजूला ठेवले तर हा वेग पाच वर्षांत शंभरातल्या तेरा-चौदांपर्यंत जातो. वर्षाला दीड टक्क्याच्या वर जोखीम असेल तर नियमित तपासणी परवडते, असा हिशेब जगभरचे यकृततज्ज्ञ बऱ्याच वर्षांपासून धरत आले आहेत. २.९ हा त्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. दोन्ही अभ्यास खरे आहेत आणि त्यांच्यात भांडण नाही. डॅनिश अभ्यास सांगतो की खचलेल्या यकृताच्या माणसाचं आधी काय होतं. फ्रेंच अभ्यास सांगतो की जो तग धरतो त्याचं पुढे काय होऊ शकतं. आणि तग कोण धरतो? दारू सोडलेला. या आजारात आयुष्य वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट कोणतंही औषध नाही, दारू सोडणं आहे. म्हणजे आपण ज्याच्यासाठी नारळ फोडला, तोच माणूस गाठ होण्याइतकी वर्षं जगण्याची शक्यता सर्वांत जास्त.

हे ऐकून पिणारा लगेच म्हणणार: मग सोडून फायदा काय? सोडली तरी कॅन्सर, नाही सोडली तरी कॅन्सर, मग पिऊनच मरू. हा आक्षेप बैठकीत टाळ्या घेतो, म्हणून त्याची वासलात नीट लावली पाहिजे. पहिलं म्हणजे, ‘पिऊनच’ हा शब्द जितका मर्दानी वाटतो तितकं ते मरण मर्दानी नसतं. फुगलेलं पोट, सुईने काढलेलं पाणी, बरळणं, काळी शी. दुसरं म्हणजे, २०११ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात दिसलं, की दारू सोडल्यावर यकृताच्या कॅन्सरची जोखीम दर वर्षी ६ ते ७ टक्क्यांनी घटत जाते, आणि कधीच न पिणाऱ्याच्या पातळीला यायला अंदाजे २३ वर्षं लागतात. एकत्र केलेले अभ्यास थोडे होते, त्यामुळे २३ हा आकडा पंचांगातल्या तिथीसारखा धरू नये. पण दिशा स्पष्ट आहे. वर्षाला ६-७ टक्के या दराने दहा वर्षांत जोखीम जवळपास निम्मी होते. निम्मी होणं ही मोठी कमाई आहे आणि शून्य होणं ही वेगळी गोष्ट आहे. घरोघरी गोंधळ होतो तो या दोन गोष्टी एक समजल्याने. पन्नाशीत सोडणाऱ्याची ती २३ वर्षं त्र्याहत्तराव्या वर्षी संपतात. मधला काळ लक्ष ठेवण्याचा आहे.

लक्ष ठेवायचं ते कुणावर, हे ठरवायला मात्र आधी सिरॉसिस आहे हे कळायला हवं, आणि इथेच आपली गाडी अडते. पिणाऱ्या प्रत्येकाला सिरॉसिस होत नाही. भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते, पण दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांतल्या साधारण दहा ते वीस टक्क्यांनाच सिरॉसिस होतो. ज्यांना होतो त्यांनाही पहिली काही वर्षं काही जाणवत नाही, भूक लागते, ड्यूटी होते. पण कागद बोलत असतो, वाचणारा पाहिजे. समजा एका माणसाचा रिपोर्ट असा आहे: वय ५२, एसजीओटी ९८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स १ लाख १० हजार. घरी कागद पाहून म्हणतात, लिव्हर थोडं वाढलंय, बाकी ठीक. आता एक साधं गणित करू, त्याला ‘फिब-फोर’ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं: ५,०९६. प्लेटलेट्स हजारांत घेऊन, म्हणजे ११० ला, एसजीपीटीच्या वर्गमुळाने, म्हणजे ७ ने, गुणायचं: ७७०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ६.६ येतात. ३.२५ च्या वर गेलं की यकृतात पुढच्या टप्प्याचा व्रण असल्याचा संशय घ्यायचा असतो. हा माणूस त्याच्या दुप्पट आहे. शिवाय एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट असणं ही दारूची जुनी ओळख, आणि प्लेटलेट्स कमी असणं ही फुगलेल्या पाणथरीची. पाव किलोमीटरवरच्या लॅबमध्ये होणाऱ्या रक्ततपासणीत हे सगळं होतं. ताज्या पिण्यामुळे सूज असेल तर हे गणित फुगतं, म्हणून त्यावरून फाशी द्यायची नाही, पुढे फायब्रोस्कॅन ही यकृताची तपासणी करायची. पण ‘थोडं वाढलंय’ म्हणून घडी घालून कपाटात ठेवण्याचा तो कागद नव्हे.

सिरॉसिस ठरला, की जगभरची शिफारस अशी: दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, आणि अनेक ठिकाणी सोबत एएफपी ही रक्ताची तपासणी. सहाच महिने का? गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात म्हणून. तीन महिन्यांनी पाहिलं तर जास्त फायदा होईल का, हेही फ्रान्स-बेल्जियममध्ये १,२७८ रुग्णांवर करून पाहिलं. निकाल २०११ मध्ये आला. तीन महिन्यांच्या गटात बारीकसारीक ठिपके जास्त सापडले, आयुष्य वाढलं नाही. त्या रुग्णांत दारूमुळे सिरॉसिस झालेले पुष्कळ होते, म्हणून तो निकाल आपल्या कामाचा. एवढं करून मिळतं काय? ५ सेंटिमीटरच्या आतली एक गाठ, किंवा ३ सेंटिमीटरच्या आतल्या तीनपर्यंत गाठी, अशा टप्प्यावर सापडलं तर ती कापता येते, सुईने जाळता येते किंवा यकृत बदलता येतं. १९९६ पासून मिलानची ही मोजपट्टी वापरात आहे. पोट दुखू लागल्यावर, वजन उतरल्यावर सापडलं तर बहुधा यातलं काहीच करता येत नाही. यकृत बदलणं आपल्या देशात बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा घेऊन होतं, म्हणजे बायकोच्या किंवा मुलाच्या पोटावर शस्त्रक्रिया. हा खर्च पैशात मांडता येत नाही.

या तपासणीवरचे आक्षेप मी झाकून ठेवणार नाही. पहिला, तिच्या बाजूने असलेला मोठा प्रयोग एकच, शांघायचा, १८,८१६ लोकांवरचा. त्यात यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले, पण ते लोक हिपॅटायटिस बी असलेले होते, दारू पिणारे नव्हेत. बरोबर आहे. दारूच्या रुग्णांवर तसा प्रयोग झालेला नाही, आणि आता तपासणीची शिफारस सर्वत्र रूढ झाल्यावर निम्म्या लोकांना मुद्दाम बिनतपासणीचं ठेवून तो होण्याची शक्यताही कमी. दुसरा आक्षेप, लवकर सापडल्यामुळे माणूस जास्त जगल्यासारखा नुसता भास होतो: घड्याळ आधी सुरू केलं म्हणून शर्यत लांबली असं वाटतं. हाही खरा, आणि जगण्याची वर्षं मोजणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने तो वजा करायला हवा. तिसरा, सोनोग्राफी चुकते. नुसत्या सोनोग्राफीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या निम्म्याही गाठी सापडत नाहीत. एएफपी जोडली की सुमारे ६३ टक्के सापडतात. सुटलेल्या पोटाच्या माणसात दिसणं आणखी अवघड. शिवाय खोटा गजर होतो, सीटी करावा लागतो, घर महिनाभर झोपत नाही. हे सगळं एका पारड्यात टाका. दुसऱ्या पारड्यात पोट दुखू लागेपर्यंत थांबणं आहे, आणि त्या वाटेने गेलेल्यांचं काय होतं हे कुणाला सांगायला नको. मला दुसरं पारडं जड वाटतं. हा माझा निर्णय आहे, गणिताची सिद्धता नव्हे.

यकृतापुरतंच बोलत राहिलो तर अर्धी गोष्ट राहील. दारूने तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, मोठं आतडं आणि स्त्रियांत स्तनाचा कॅन्सरही होतो. छत्तीसगढमध्ये यात एक स्थानिक भर आहे, गुडाखू. तंबाखू आणि गुळाची ही मऊ लगदी दाताला लावायची सवय इथे स्त्री-पुरुष दोघांना आहे, आणि मराठी घरांनीही ती शेजाराकडून उचलली. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडा-घशाच्या कॅन्सरची जोखीम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दारू तोंडाचं आतलं अस्तर सैल करते आणि तंबाखूतलं विष आत शिरतं. म्हणून यकृताच्या रुग्णाची सोनोग्राफी करताना कुणीतरी त्याला तोंड उघडायलाही सांगावं. टॉर्च लागते आणि दोन मिनिटं लागतात. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला फोड, तीन बोटं उभी न मावणारं तोंड, गिळताना घास अडकणं. पोटाचा डॉक्टर पोट बघतो आणि दाताचा दात, आणि कॅन्सर दोघांच्या मधल्या जागेत वाढतो.

आजोबा पंच्याऐंशीपर्यंत प्यायले, त्यांना काही झालं नाही, हा आक्षेप मी आदराने पण लवकर निकालात काढतो. भरपूर पिणाऱ्यांतल्या ऐंशी-नव्वद टक्क्यांना सिरॉसिस होत नाही, हे मीच सांगितलं, आजोबा त्यांतले. कोण त्यांतला आणि कोण नाही यात आनुवंशिकता आहे, मधुमेह आहे, वाढलेलं वजन आहे, हिपॅटायटिसचे विषाणू आहेत. आनुवंशिकतेचं काही करता येत नाही, बाकीच्यांचं येतं. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बहुधा तीन महिन्यांत बरा होतो, बी साठी लस आहे, आणि जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दारूने यकृत दुखावलेल्या प्रत्येकाची या दोन विषाणूंची तपासणी एकदा तरी झालीच पाहिजे.

शेवटचा आक्षेप सभेत कुणी उघड बोलत नाही, पण तोच सगळ्यांत खोल आहे. हे त्याने स्वतःच्या हाताने करून घेतलंय. आमच्या पैशाने दर सहा महिन्यांनी त्याचं पोट का तपासायचं? घसरणीची कथा सांगून सांगून आपण हा प्रश्न विचारायला शिकलो. त्या कथेत आजार नसतो, शिक्षा असते, आणि शिक्षा भोगणाऱ्याची कुणी सोनोग्राफी करत नाही. रुग्णालाही हेच पटलेलं असतं. तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, कारण तिथे पहिला प्रश्न ‘किती पीत होतास’ असा, अरेतुरेत येतो. पण हातांचा हिशेबच करायचा तर तो पुरता करू. राज्यघटनेचं ४७ वं कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं आणि राज्य स्वतः दुकान चालवतं. पिणाऱ्याच्या एका खिशातल्या तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचं चित्र छापायची सक्ती आहे. दुसऱ्या खिशातल्या पौव्यावर २०१९ पासून प्रकृतीला अपायकारक आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच लिहायची. कॅन्सर हा शब्द तिथे नाही. मघाच्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. ज्या बाटलीतून कर आला तिच्यातून सोनोग्राफी निघत नसेल, तर स्वतःच्या हाताने कुणी काय केलं हा प्रश्न एकट्या त्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. आणि केवळ हिशेबाने बघितलं तरी, तीन सेंटिमीटरची गाठ जाळणं हे तेरा सेंटिमीटरच्या गाठीशी वर्षभर झुंजण्याहून स्वस्त पडतं.

हे सगळं करायला नवीन इमारत लागत नाही. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी आहे, भिलाईत सेक्टर ९ चं रुग्णालय आहे, रायपूरला एम्स आहे, आणि ज्या मराठी घरांचं अर्धं मन कायम नागपूरला असतं त्यांना रेल्वेने चार-पाच तासांवर नागपूरची कॅन्सर रुग्णालयं आहेत. नाही ती फक्त यादी. कोणी दारू सोडली, कुणाला सिरॉसिस आहे आणि कुणाची सहा महिन्यांची तारीख उलटली, हे आज कुठल्याच वहीत नाही. व्यसनमुक्ती केंद्राच्या वहीत तो ‘बरा’ म्हणून संपतो आणि दवाखान्याच्या वहीत तो पुन्हा आलाच नाही म्हणून संपतो. या दोन वह्या एकत्र येतील तेव्हा येतील. तोवर हे काम घरालाच करावं लागेल. तुमच्या घरात किंवा शेजारी दारू सोडलेला, लिव्हर खराब झालं असं डॉक्टरांनी एकदा सांगितलेला कुणी असेल, तर आज घरी गेल्यावर त्याचा शेवटचा सोनोग्राफीचा कागद शोधा, त्यावरची तारीख वाचा, आणि तिच्यात सहा महिने मिळवून येईल ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. तारीख उलटून गेली असेल तर उद्याची लिहा.